बिनपगारी

५ जुलै, पेरमटोला

पोचलो. गडचिरोलीहून एसटीने धानोरा आणि तिथून प्रफुल सरांच्या मोटरसायकलवर मागे बसून जंगलातून पुढे. इंग्लंडात लेस्टरला उभं आयुष्य मी शहर बसची वेळापत्रकं लावण्यात घालवलं, त्यामुळे सवयीने स्टँडवर विचारलं, गाडी किती वाजता सुटते. कंडक्टर म्हणाला, भरली की. माझी अख्खी नोकरी त्याने दोन शब्दांत निकालात काढली.

संस्थेच्या कागदांवर मी 'परदेशी स्वयंसेवक' आहे. जन्म तासगावचा, पण पासपोर्ट तिकडचा, म्हणून आधी पोलीस ठाण्यात जाऊन नोंद करावी लागली. माझं मराठी ऐकून तिथल्या शिपायाने पासपोर्ट उलटासुलटा करून पाहिला. साठी ओलांडल्यावर आपल्याच मुलखात परका म्हणून नोंदवून घ्यायची हौस माझीच, तक्रार कुणाकडे करणार.

गाव लहान आहे. चौथीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा आणि तिचे एकुलते एक शिक्षक प्रफुल सर. ते मूळचे सावली गावचे, धानोऱ्याला खोली घेऊन राहतात, रोज येऊन-जाऊन करतात. मी राहणार देवाजी हलामींच्या घरी, अंगणातल्या बाजूच्या खोलीत. घरात देवाजीभाऊ, त्यांच्या पत्नी सुगंधाबाई, चौथीतली मुलगी करिश्मा आणि देवाजीभाऊंची विधवा बहीण सुकरी. सुकरीबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवतात.

संध्याकाळी गावातली मंडळी मला बघायला जमली. त्यांत नानाजी सगळ्यांत वडीलधारे, गावात त्यांचा शब्द चालतो. त्यांनी विचारलं, पगार किती. म्हटलं, पगार नाही. त्यांना ते पटेना. मग खाणार काय, राहणार कुठे? म्हटलं, देवाजीभाऊंच्या घरी, ते सांगतील ते काम करीन. घरवाली? म्हटलं, वारली, तीन वर्षं झाली. नानाजींनी देवाजीभाऊंकडे पाहिलं, देवाजीभाऊंनी अंगणात भांडी घासणाऱ्या बहिणीकडे पाहिलं, आणि मग मंडळी आपसात गोंडीत बराच वेळ बोलत राहिली. मला वाटतं, माझी उत्तरं चांगली गेली.

९ जुलै

मृणालशी बोललो. फोन फक्त तलावाच्या बांधावर लागतो. ती म्हणते, बाबा, एक वर्ष हौस करून घ्या आणि मग आमच्याकडे राहायला या. गॅरेजवरची खोली तिने रंगवून ठेवली आहे. मुलगी चांगली, जावई चांगला, खोलीही चांगली. पण नलिनी गेल्यापासून मी कुठेही गेलो की लोक सरकून माझ्यासाठी जागा करतात. असलेली जागा वेगळी आणि केलेली वेगळी. वर्षभरात जगात कुठे आपली अशी असलेली जागा आहे का, ते पाहायचं. नसली तर खोली आहेच.

हे संस्थेच्या अर्जात लिहिलं नाही. तिथे मुलांविषयी लिहिलं.

१६ जुलै

मुलांना माझं मराठी कळत नाही आणि मला त्यांची गोंडी. पुस्तकातल्या धड्यात आगगाडीचा बोगदा आहे. दुर्गाने विचारलं, गाडी मातीत काऊन घुसते. मी फळ्यावर डोंगर काढला, बोगदा काढला, गाडी काढली. सगळ्यांनी मन लावून पाहिलं आणि मग अंकुशने सांगितलं की हे साळिंदराचं बीळ आहे. प्रफुल सर पोट धरून हसले. मीही हसलो, पण घरी येताना जरा एकटं वाटलं.

देवाजीभाऊंना जेवणाचे पैसे देऊ केले. त्यांनी हात मागे घेतला. म्हणाले, "पैसे नको. काम सांगन ते करा." आयत्या बिळावर नागोबा व्हायची मला लहानपणापासून लाज. म्हटलं, सांगाल ते काम करीन. ते खूश झाले असावेत, कारण त्यांनी लगेच कुऱ्हाड दिली.

२७ जुलै

तीन दिवस शाळेला सुट्टी घेऊन भाताची रोवणी केली. म्हणजे कुणी सुट्टी दिली नाही, शाळेत मूलच आलं नाही. इकडे भाताच्या खाचराला बांधी म्हणतात. त्या बांधीत मी दोनदा बसलो आणि एकदा आडवा झालो. बायका हसून हसून वाकल्या. सुकरीबाई मात्र हसल्या नाहीत. तोंड फिरवून पलीकडच्या ओळीत रोप लावत राहिल्या. त्यांच्या हाताला वेग आहे, पण घाई नाही.

दुसऱ्याच्या लाजेत हसू नये एवढी समज असलेलं माणूस आवडतं मला. उगाच लिहितो आहे.

११ ऑगस्ट

आज मन खट्टू आहे. आल्यापासून देवाजीभाऊ माझ्यासाठी अंगणात खाट टाकायचे, पाहुण्याला टाकतात तशी. जेवण पितळी ताटात आधी मला, मग इतरांना. आज संध्याकाळी खाट नव्हती. मी इकडेतिकडे पाहिलं तर देवाजीभाऊ स्वतः जमिनीवर बसलेले, शेजारची जागा हाताने झाडून मला म्हणाले, बसा. ताटही गेलं. पळसाच्या पानांच्या पत्रावळीवर वाढलं, आणि तेही देवाजीभाऊंच्या नंतर.

पाहुणचार सव्वा महिना पुरला. यजमानांना दोष देत नाही, मासा आणि पाहुणा तिसऱ्या दिवशी नकोसा होतो असं आमची आजी म्हणायची. पण इतकं उघडपणे खाट काढून घ्यायची काय गरज होती?

२ सप्टेंबर

सुकरीबाई माझ्याशी बोलत नाहीत. साऱ्या गावाशी बोलतात. विहिरीवर त्यांचं हसणं माझ्या खोलीत ऐकू येतं. बैलाशी बोलतात, कोंबड्यांना शिव्या देतात. शाळेत पोरांना खिचडी वाढताना प्रत्येकाला नावाने हाक. मी समोर आलो की पदर ओढून बाजूला होतात. मला काही सांगायचं असलं तर करिश्माला सांगतात, मी दोन पावलांवर उभा असताना. "करिश्मा, त्याईले सांग, लाकडं ओले आहेत." करिश्मा माझ्याकडे वळून म्हणते, लाकडं ओले आहेत. आणि हसू दाबते.

माझ्याकडून काय चूक झाली कळत नाही. आरशात पाहिलं. दाढी वाढली होती, केली.

रश्मीचा नागपूरहून फोन होता. संस्थेतर्फे आम्हा स्वयंसेवकांची विचारपूस तीच करते. विचारलं, समाजाने स्वीकारलं का तुम्हाला? म्हटलं, हो, छान स्वीकारलंय. मग बांधावर बराच वेळ तसाच बसून राहिलो. बगळे आले, गेले. परतायला कुणाची घाई नव्हती.

६ ऑक्टोबर

मलेरिया. इकडे तो पडशासारखा येतो म्हणे. प्रफुल सरांनी आरोग्य केंद्रातून गोळ्या आणल्या. चार दिवस काही लिहिलं नाही, आज बसवतं आहे.

एक गोष्ट मात्र नीट आठवते. ताप चढलेला असताना दाराकडे पाहिलं की उंबऱ्याबाहेर सुकरीबाईंची पाठ दिसायची. माझ्याकडे पाठ करून बसलेल्या, मांडीवर सूप, उडीद पाखडत. सकाळी पाहिलं तरी तेच आणि दुपारी तरी तेच. इतके उडीद या घरात पिकले तरी कधी? आत एकदाही आल्या नाहीत. पेज करिश्मा आणायची. मी पेज संपवली की करिश्मा बाहेर जाऊन भांडं आत्याला दाखवायची.

त्या जागेवर सावली असते, म्हणून बसत असतील.

१९ नोव्हेंबर

धान कापणी. कुंपण बांधलं, खळं सारवलं, पेंढ्या वाहिल्या. माझे हात पाहून मृणाल ओरडेल. देवाजीभाऊ काम सांगताना आता 'तुम्ही' म्हणत नाहीत, नुसतं क्रियापद फेकतात. आणि कामं दिवसेंदिवस अवघड देतात. काल सागाचा ओंडका ओढायला लावला आणि नानाजींसह तीन म्हातारे बांधावर बसून बघत होते, जसा मी जत्रेतला बैल. ओढला. नानाजींनी मान डोलावली.

मुलं हल्ली खूप जवळ आली आहेत. अंकुश पाढे म्हणतो. दुर्गा मला गोंडी शिकवते आणि चुकलं की हातावर चापट मारते. करिश्मा आता मला गुरुजी म्हणत नाही, मामा म्हणते. गावातली दोनचार पोरं सोडली तर बाकी गुरुजीच म्हणतात. सख्ख्या भाचीसारखा जीव लावते पोरगी.

१७ डिसेंबर

दुपारी शेजारच्या गावचा एक माणूस आला. पन्नाशीचा, स्वच्छ धोतर, नीट विंचरलेले केस. त्याने मोहाच्या दारूची बाटली देवाजीभाऊंपुढे ठेवली आणि दोघं खाली पाहून हळू हळू बोलले. मी वाडीचं कुंपण दुरुस्त करत होतो. देवाजीभाऊंनी बाटलीला हात लावला नाही. माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "घरी मानूस आहे." त्या माणसाने मला खालीवर पाहिलं, बाटली उचलली आणि निघून गेला. सुकरीबाई दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या.

घरात शिक्षक राहतो म्हणून दारू परत पाठवली देवाजीभाऊंनी. मी कधी तसं सुचवलंही नव्हतं. खाटेचा राग होता तो आज मनातून गेला.

२१ जानेवारी

मृणालने तिकीट काढलं. एप्रिलच्या शेवटी, मुंबईहून. मी हो म्हणालो. तिने विचारलं, आवाज असा का येतोय. म्हटलं, वारा आहे. वारा नव्हता.

इथे कुणाला सांगितलं नाही. विचारलंही नाही कुणी. मुदत शाळेच्या एका वर्षाची आहे हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे, नानाजी तर अधूनमधून विचारतात, किती राह्यलं.

२४ मार्च

मोह वेचायचे दिवस. शाळा पुन्हा रिकामी. पहाटे सगळं गाव झाडांखाली असतं. प्रत्येक घराची झाडं ठरलेली. खालचा पाचोळा आधी जाळून जमीन मोकळी करतात म्हणजे फुलं दिसतात. देवाजीभाऊंनी मला लांबच्या झाडाकडे पाठवलं आणि थोड्या वेळाने टोपली घेऊन सुकरीबाई तिथेच आल्या. करिश्मा बरोबर नव्हती.

मी पुष्कळ वेळ खाली मान घालून वेचत राहिलो. मग त्या बोलल्या. करिश्माला नाही, मला.

"तुमची बायको कशी होती?"

इतक्या महिन्यांत पहिलं वाक्य आणि ते हे. मग सांगत सुटलो. नलिनी रेडिओशी भांडायची. पोळी करपली की मला द्यायची आणि म्हणायची, खरपूस आहे. शेवटी शेवटी तिला वाटायचं मी तिचा भाऊ आहे, आणि मी तिला तसं वाटू दिलं. हे मी मृणाललासुद्धा सांगितलेलं नाही. सुकरीबाई वेचत होत्या, पण हात हळू झाला होता. मी थांबल्यावर म्हणाल्या, त्यांचा नवरा चांगला होता, पण बोलत नव्हता, जंगलात गेला की दोन-दोन दिवस येत नव्हता, आणि एकदा आलाच नाही.

टोपली भरली तेव्हा त्यांनी ती माझ्या खांद्यावर चढवली. आजवर माझं ओझं करिश्मा नाहीतर देवाजीभाऊ चढवायचे.

आज मी आनंदात आहे. कारण विचारू नये.

१२ एप्रिल

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर वर्षभर कळसा कमरेवर घेऊन गावभर मिरवलो.

शाळेचा निकाल लावत बसलो होतो. प्रफुल सर सहज म्हणाले, "सर, मंग तारीख कोनती धरली? मोह झाला, आता लगनं निघतीन." मी म्हटलं, कुणाचं लग्न. ते हसले. मी हसत नाही असं पाहून त्यांचं हसू गेलं. "सर, तुमाले खरंच मालूम नाई का?"

मग त्यांनी सांगितलं. ज्या पुरुषाजवळ लग्नासाठी द्यायला काही नसतं, तो बाईच्या घरी राहून बिनपगारी राबतो. त्याला लमसेना म्हणतात. मुदत ठरलेली असते. घरचे त्याला पाहुण्यासारखं वागवत नाहीत, घरच्यासारखं वागवतात आणि काम देऊन देऊन पारखतात. मुदत सरत येईपर्यंत दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही अशी या गावात रीत आहे. पहिल्या संध्याकाळी मीच सगळ्यांसमोर म्हणालो होतो, पगार नको, बायको नाही, देवाजीच्या घरी सांगतील ते काम करीन.

मी विचारलं, तुम्ही मला का नाही सांगितलंत. ते म्हणाले, "मले वाटलं तुमाले मालूम आहे. तुमी खुश दिसत होते."

डिसेंबरातला तो धोतरवाला सुकरीबाईंना मागायला आला होता. विधुर आहे, स्वतःचे बैल आहेत, माणूस चांगला आहे. त्याला माझ्याकडे बोट दाखवून परत पाठवलं. आणि आत्याच्या नवऱ्याला इकडे मामा म्हणतात.

मी शाळेतून घरी गेलो नाही, बांधावर जाऊन बसलो. मृणालला फोन लावला आणि उचलायच्या आत बंद केला. काय सांगणार होतो? मला इतका राग आला, गावाचा, प्रफुल सरांचा, माझा. आणि रागाखाली दुसरंच काहीतरी होतं. ती उंबऱ्याबाहेरची पाठ. इतके उडीद कुठल्याच घरात पिकत नाहीत.

१३ एप्रिल

सकाळी सुकरीबाई चुलीपाशी होत्या. मी दारातून त्यांच्याकडे पाहिलं. रोज पाहतो तेच माणूस, पण आज त्यांना ठाऊक होतं ते मलाही ठाऊक होतं. त्यांनी नजर वळवली नाही. मीच वळवली.

स्वतःला विचारतो आहे, नको आहे का? साठी ओलांडलेल्या माणसाला, बांधीत आडवा होणाऱ्या, गोळ्यांचा डबा जवळ बाळगणाऱ्या. मृणाल काय म्हणेल? तिकडचे मित्र काय म्हणतील? गोऱ्या शेजाऱ्याला कसं समजावणार? हे सगळे प्रश्न मी नीट एकाखाली एक मांडले, वेळापत्रकासारखे. 'नको' असं कुठेच आलं नाही.

१६ एप्रिल

देवाजीभाऊंना सांगणं भाग होतं. प्रफुल सरांना बरोबर घेतलं, म्हणजे गोंडीत चूक व्हायला नको. आधीच पुष्कळ झाली होती. देवाजीभाऊंनी ऐकून घेतलं आणि नानाजींना बोलावणं धाडलं.

मी म्हटलं, मी स्वयंसेवक आहे, आमच्याकडे अशी पद्धत असते, माणसं काही न घेता काम करायला परदेशी जातात. प्रफुल सर सांगत गेले. नानाजी शांतपणे ऐकत होते. मग ते सरांशी नाही, माझ्याशी मराठीत बोलले.

"फुकट कोनी राबत नाई, भाऊ. तुमाले काही तं पायजे असन."

मी म्हटलं, मुलांसाठी आलो.

"लेकरं तं शाळेत होते. रोवना कोनासाठी केला?"

सुगंधाबाई आतून बाहेर येऊन उभ्या राहिल्या. नानाजींनी सरळ विचारलं, आता सुकरीले मागून राह्यले का, तर सांगा, आमी ना नाई म्हनत. सगळे माझ्याकडे पाहत होते. माणूस असं काही विचारलं जाण्याची उभा जन्म वाट पाहतो. मी म्हणालो, माझं तिकीट काढलं आहे.

नानाजींनी मान डोलावली, ओंडका ओढला तेव्हा डोलावली होती तशी नाही. मग त्यांनी निकाल दिला. वर्षाची मेहनत घराला फुकट ठेवून घेता येत नाही. देवाजी तिचा मोबदला धानात देईल. मी तो सगळ्यांसमोर उचलला की मी मजूर झालो, हिशेब मिटला, दोघंही मोकळे. उचलला नाही तर मेहनत घरातच राहिली आणि मग शब्दही राहिला, बाईला दुसऱ्या कुणाकडे जाता येणार नाही.

वर्षभर मी अभिमानाने सांगत होतो की मी काही घेत नाही.

संध्याकाळी अंगणात माझ्यासाठी खाट टाकलेली होती. पितळी ताटात जेवण आलं, सगळ्यांच्या आधी. कुणी रागावलेलं नाही. सुगंधाबाईंनी दोनदा वाढलं.

२० एप्रिल

शाळेचा शेवटचा दिवस. दुर्गाने गोंडीत काहीतरी विचारलं, मला समजलं, पण समजलं नाही असं दाखवलं. ती विचारत होती, सुकरीआत्याला सोडून जाताय का.

अंकुशने फळ्यावर आगगाडी काढली. डोंगरात अर्धी शिरलेली. छान काढली.

२३ एप्रिल, गडचिरोली

लॉजवर आहे. उद्या सकाळी नागपूरची गाडी, पुढे मुंबई. खाली रस्त्यावर वरात चालली आहे. लिहून टाकतो, नाहीतर पुढे हे मी स्वतःला वेगळं सांगायला लागेन.

सकाळी अंगणात मंडळी जमली होती. नानाजी, देवाजीभाऊ, दोनचार शेजारी. प्रफुल सर मोटरसायकल घेऊन कुंपणाबाहेर थांबले होते. धानाचं पोतं आतून देवाजीभाऊ आणतील असं मला वाटलं होतं. सुकरीबाई घेऊन आल्या. डोक्यावरून उतरवून त्यांनी ते माझ्या समोर ठेवलं, मधे हातभर अंतर ठेवून. पोतं मोठं नव्हतं. तोंड सुतळीने नीट शिवलेलं होतं.

मी उभा राहिलो. कुणी घाई केली नाही. या गावात कुणी कशाची घाई करत नाही. मला वाटलं, कुणीतरी म्हणावं, राहू द्या. मग सुकरीबाई बोलल्या, सगळ्यांदेखत, माझ्याशी.

"उचला. नाईतं मले वाट पाहा लागन."

मी विचारलं, किती दिवस. हे मी का विचारलं? वाट पाहा, असं म्हणायचा मला काय अधिकार होता? पण तोंडातून गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोहाखाली पाहिलं होतं तसं, सरळ.

"तुमी सांगा," त्या म्हणाल्या.

एवढंच होतं. एक आकडा सांगायचा होता. महिना म्हटलं असतं, सहा महिने म्हटलं असतं, तिकडचं सगळं आवरून येतो म्हटलं असतं, तर त्या थांबल्या असत्या. ते त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं आणि मला वाचता येत होतं. पण मी त्या धोतरवाल्या माणसाचा विचार केला, त्याच्या बैलांचा विचार केला. मृणालचा केला. माझ्या वयाचा केला. सगळ्यांचा केला. देवाजीभाऊ खाली पाहत होते. बाहेर प्रफुल सरांनी गाडीला किक मारली, बहुधा अवघडून.

मला ते उचलायचं नव्हतं. मी वाकलो आणि उचललं.

कुणीतरी मागे दीर्घ श्वास सोडला. नानाजींनी जोहार केला, मी पोतं सांभाळत एका हाताने केला. करिश्मा कुठे दिसली नाही. मी कुंपणापाशी पोचलो तेव्हा मागून सुकरीबाईंनी विचारलं, जड आहे का. मी वळलो. एवढ्या एका प्रश्नाला तरी मी खरं उत्तर देऊ शकलो असतो.

मी म्हणालो, नाही.